डुलकी घेणारा पाळणा

गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. नुसता गळा पुरत नसेल तर माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ. त्यातल्या एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यात भारीतलं भिंग बसवलंय, तेव्हा ही शपथ स्वस्तातली समजू नका. आमच्या घरच्यांचं तर ऐकूच नका. ते म्हणतील, आईच्या गोष्टीतला वरवंटा दर वर्षी थोडा लांब जाऊन पडतो. पडू दे. उडाला होता की नाही, तेवढं त्यांना विचारा.

"व्याही, गाडी थांबली ओ," आमच्या विहीणबाई, रत्नमालाबाई, म्हणाल्या.

आमचे हे खडबडून जागे झाले. सोप्यात पाळणा टांगलेला, पाळण्यात आमची सव्वा महिन्याची नात, शेजारी वेताच्या खुर्चीत हे, आणि ह्यांच्या हातात पाळण्याची दोरी. जाग आल्याबरोबर ह्यांनी दोरीला असा हिसका दिला की पाळण्यावर बांधलेली चिमण्यांची चिमणाळी गरागरा फिरली.

"थांबली नव्हती," हे म्हणाले. "स्टँड आला होता."

सगळी उमर एसटी चालवलेला माणूस. रिटायर होऊन घरी बसले तरी बोलणं डेपोतलंच. पाळणा हलवायची तऱ्हाही तसलीच. आधी लांब लांब झोके, मग जरा आखूड, मग आणखी आखूड, मग हनुवटी छातीवर. पाळणा थांबायचा. थोड्या वेळानं हे दचकायचे, एक हिसका, आणि परत पहिल्यापासून. मी आणि सूनबाई ते बघून पदराआड हसायचो. पोर मात्र झोपलेली असायची.

बाकी कुणाच्याही हातात दोरी गेली की पोरगी डोळे टक्क उघडायची आणि असा सूर लावायची की रस्त्यावरचा भाजीवाला गाडा पुढं ढकलायचा. माझ्या हातानं नाही, मेधाच्या हातानं नाही, रत्नमालाबाईंच्या हातानं तर नाहीच. आणि हे तरी चोवीस तास खुर्चीत कसे बसणार? मेधा, म्हणजे माझी सून, पार उतरून गेली होती. एकदा तर तिनं आमटीत मिठाऐवजी बाळाची पावडर घातली. कुणाला कळलं नाही, सगळेच अर्धे झोपेत होते.

मेधाचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, बोटीवर नोकरीला. तो तेव्हा कुठल्याशा समुद्रात. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, बेळगावला व्हायचं. पण मेधा सांगलीतच नर्स, तिची डॉक्टरीण सांगलीतली, म्हणून ती इथंच राहिली, आणि तिच्या आईला, म्हणजे रत्नमालाबाईंना, आपला मान आणि एक मोठी बॅग घेऊन आमच्याकडं यावं लागलं. ते त्या विसरल्या नव्हत्या.

"बारसं झालं की मी लेकीला आणि नातीला घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत. तिकडं माणसं आहेत हलवायला. इकडं काय, डायवर स्वतःच झोपतोय."

माझ्या हातातला लसूण खाली पडला. दिवाळी म्हणजे पोरगी बसायला लागणार, दात येणार, आणि हे सगळं बेळगावात. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे दोरीकडं बघत होते. ह्यांनी दोरीचा बोटाला आणखी एक वेढा घेऊन ती घट्ट धरली.

तेवढ्यात आतून आमची चारू आली. माझी मुलगी, पुण्यात एका कंपनीत यंत्रांच्या आतली यंत्रं बनवायची, बारशासाठी रजा काढून आलेली.

"मी करते सोय," ती म्हणाली. "आत्या आहे मी. पाळणा आपोआप हलेल असं करते."

"आपोआप?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "भुतं ठेवणार काय गे?"

"मोटर लावते."

"पाळण्याला मोटर," हे म्हणाले. "मग परमिट पण काढ."

चारूचं तोंड उतरलं. ह्यांना वाटायचं पोरीनं सरकारी नोकरी धरायची. ते सोडून तिनं वायरींशी खेळायचं काम धरलं, असं ह्यांचं म्हणणं. भांडण काही नव्हतं. फक्त ती काय काम करते हे ह्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे, जेवलीस काय, जेवले, पाऊस आहे काय, आहे. संपलं.

रत्नमालाबाईंनी मात्र लगेच पैज लावली. "बारशाच्या दिवशी, दोरीला कुणाचा हात न लागता पोर झोपली, तर राहू दे इथं. नाही झोपली तर साडेचारच्या बेळगाव गाडीनं आम्ही तिघी चाललो."

"लागली," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

चारूनं जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. मोटर पाहिजे होती. हे सायकल काढून बाहेर गेले आणि दुपारी भंगारवाल्याकडनं जुन्या बसच्या वायपरची मोटर घेऊन आले. टेबलावर ठेवली. म्हणाले, "ही पाऊस पुसायची आहे. पोरं झोपवायची नाही," आणि खुर्चीत जाऊन बसले.

मोटर जोडल्याबरोबर टेबल चालायला लागलं. खोटं नाही, फ्रीजपर्यंत गेलं.

"हळू करायला पाहिजे," चारू म्हणाली, आणि एक हिरवी पट्टी काढली. तिच्या मधोमध नखाएवढी काळी चिप. "आई, ही सगळं बघेल. पण हिला दोनच गोष्टी येतात. चालू आणि बंद. अर्धं चालू असं काही हिला करताच येत नाही."

"मग हळू कसं होणार?"

"फसवायचं. सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद, चालू-बंद करायचं. त्यात चालूचा वेळ जास्त ठेवला की मोटर जोरात फिरते, बंदचा जास्त ठेवला की हळू. मोटरला प्रत्येक चालू-बंद कळत नाही. तिला वाटतं, आपल्याला वीजच बेताची मिळतेय."

मी जरा विचार केला. "म्हणजे तुझे बाबा."

"काय?"

"ओरडतात तेव्हा पूर्ण ओरडतात, गप्प बसतात तेव्हा पूर्ण गप्प. मधलं काही नाहीच. पण गल्लीत कुणालाही विचार, म्हणतील मध्यम स्वभावाचा माणूस."

चारू हसत हसत खुर्चीवरनं घसरली. "बरोबर. ह्यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात."

"हे तुझ्या बाबांना सांगू नको. त्यांना वाटेल कसला रोग."

मग तिनं मला कॉम्प्युटरवर दाखवलं. शून्य लिहिलं की मोटर बंद, दोनशे पंचावन्न लिहिलं की पूर्ण जोर, आणि मधला आकडा लिहिला की मधला जोर. शंभरच का नाही, म्हटलं, तर म्हणाली, त्या चिपचं मोजणं दोनशे पंचावन्नलाच संपतं. चांगली आहे, आमच्या वाण्याचं कुठंच संपत नाही.

एक खोट होती. मोटर कुईं करायची, कानाशी डास असल्यासारखी. ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणं ऐकू येत होतं म्हणे. चारूनं ते हजारांवर नेलं, इतकं वर की माणसाच्या कानाला लागू नये. माणसांना ऐकू यायचं बंद झालं. पण शेजारच्या जोशीकाकूंचा मोत्या येऊन आमच्या उंबऱ्यावर बसला, पाळण्याकडं मान वाकडी करून. मोत्यामागनं गल्लीतली बाकीची. संध्याकाळी दारात एवढी कुत्री होती की पोस्टमननं पत्र गेटवरनंच वाचून दाखवलं.

आता वजन घालून बघायचं होतं. चारूनं बाळ मागितलं.

"माझी नात काय मिक्सर आहे, चालवून बघायला?" रत्नमालाबाई म्हणाल्या.

"वरवंटा घे की," मी म्हणाले. "बारशाला आधी तोच बसतो."

आमच्यात बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला टोपडं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, मग बाळाला पाळण्याखालून वरून द्यायचं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत. तर चारूनं वरवंटा घातला, आकडे बदलून बदलून बघितले, आणि एका आकड्यावर पाळणा असा हलायला लागला की वरवंटासुद्धा झोपला असता. तारेवर चाललेल्या पाण्याच्या थेंबासारखा, एकसारखा.

ह्यांनी खुर्चीतनं एकदाच बघितलं. "ब्रेक कुठाय?"

"ब्रेक लागत नाही बाबा."

"हं," हे म्हणाले.

बारशाच्या दिवशी दुपारी घर भरलं. घुगऱ्यांचं पातेलं, पेढे, पाळण्याला झेंडूच्या माळा. मेधा बाळाला मांडीवर घेऊन पाटावर. वरवंटा टोपडं घालून पाळण्यात. चारू भिंतीशी, मांडीवर कॉम्प्युटर. दोरी मोटरला. रत्नमालाबाई नव्या इरकलीत, बॅग भरून दाराशी ठेवलेली.

"चालू कर," मी म्हणाले.

पाळणा हलला. बायकांनी गाणं धरलं. आणि पाळणा थांबला.

"थांबला गे," रत्नमालाबाई म्हणाल्या.

चारूनं आकडा वाढवला. पाळणा जरा थरथरला. आणखी वाढवला. नुसता कण्हला. तिच्या कपाळावर घाम. रत्नमालाबाई बॅगेकडं बघत होत्या, मी देवाकडं. चारूनं शेवटी पूर्ण दोनशे पंचावन्न लिहिले. पाळणा जागचा हलेना.

मला तेव्हा दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही, इतकं ते रोजचं होतं. पाळण्याचं गाणं म्हणताना बायका काय करतात? पाळण्याच्या काठाला हात लावून उभ्या राहतात. आमच्या आज्या तशाच उभ्या राहिल्या, आम्ही तशाच उभ्या राहिलो. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका एकेक हात पाळण्यावर ठेवून, डोळे मिटून गात होत्या. जोशीकाकू तर आपला अर्धा भार टाकून. ती बिचारी मोटर पाळणा हलवत नव्हती, सगळी गल्ली हलवायला बघत होती.

गाणं संपलं. "घ्या ओ घुगऱ्या," मी म्हणाले. आणि सगळ्यांनी एकदम हात काढले.

वरवंटा उडाला.

मी दारात उभी होते, मी बघितलंय. तो रत्नमालाबाईंच्या अंबाड्यावरनं गेला, गजऱ्यातली दोन फुलं घेऊन. पंख्याखालनं गेला. माझ्या कानाजवळनं जाताना वारा लागला. दारातनं बाहेर, अंगणात, कुत्र्यांवरनं, आणि थेट पाण्याच्या पिंपात. पाण्याचा उंच फवारा उडाला आणि जोशीकाकूंचे मिस्टर, जे घुगऱ्या न्यायला डबा घेऊन तेवढ्यात आले होते, ते डोक्यापासून पायापर्यंत भिजले. वरवंटा पिंपात बुडाला आणि टोपडं तेवढं पाण्यावर तरंगत राहिलं.

मेधानं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. रत्नमालाबाईंनी अंबाडा चाचपला, तो होता.

"आता ह्यात माझ्या नातीला घालणार?" त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चारूनं वायर उपसली. "चुकलं माझं," म्हणाली. दोरी मोटरवरनं सोडून खाली टाकली आणि वायरी गुंडाळायला लागली, डोळ्यांतनं पाणी. बारसं कसंबसं हातानं उरकलं. आत्याच ती, तिनंच बाळाच्या कानात नाव सांगितलं, शर्वरी, पण असं सांगितलं की जणू माफी मागतेय. नाव ऐकल्याबरोबर शर्वरीनं सूर लावला. बायका घुगऱ्या घेऊन पटापट पांगल्या. जोशीकाकू भिजलेल्या मिस्टरांना घेऊन गेल्या.

"मेधा, तयारी कर," रत्नमालाबाई म्हणाल्या. "रिक्षा सांगितलीय."

मेधानं माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार, पैज मीच लावलेली. पोर रडत होती. तेव्हा हे उठले. दोरी उचलली, खुर्ची पाळण्याजवळ ओढली, म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत तरी निजवतो. घाल तिला."

मेधानं बाळ पाळण्यात घातलं. ह्यांनी दोरी ओढली. लांब झोका, लांब झोका, मग आखूड, मग आणखी आखूड. पोरगी गप्प झाली. मग ह्यांची हनुवटी छातीवर आली, पाळणा थांबला, आणि पोर झोपलेली. मग हिसका. मग परत.

चारू वायरी हातात धरून बघत होती. मी तिला म्हटलं, "रडू नको, तोंड धुऊन ये."

"आई," ती म्हणाली, "मी एकच आकडा दिला होता."

"मग?"

"बाबा एक आकडा देत नाहीत. बघ ना. मोठा, मग कमी, मग कमी, मग शून्य. मग एकदम मोठा. ती हलण्यानं झोपत नाही आई. ते कमी कमी होत जातं ना, त्यानं झोपते. डुलकीनं."

ती तिथंच जमिनीवर बसली. ह्यांच्या हाताकडं बघायची आणि लिहायची, बघायची आणि लिहायची. आकडे उतरत्या पायरीनं, मग शून्य, मग जरा थांबणं, मग एक हिसका. हिसकासुद्धा तिनं मोजून घातला, चिमणाळी गरागरा फिरेल इतकाच. मग हळूच मोटर जोडली. ह्यांची मान पडली होती. तिनं ह्यांच्या बोटांतनं दोरी सोडवली, एकेक वेढा काढून, आणि मोटरला बांधली.

पाळणा हलायला लागला. लांब, लांब, आखूड, आणखी आखूड, थांबला. मी श्वास धरून उभी. दचकला. परत लांब. शर्वरीनं झोपेत ओठ चोखले. खुर्चीत ह्यांचा रिकामा हात मोटरच्या तालावर हलत होता.

रत्नमालाबाई समोरच्या बाकावर, बॅग मांडीवर घेऊन, रिक्षाची वाट बघत बसलेल्या. त्यांची नजर पाळण्याबरोबर इकडं, तिकडं, इकडं, तिकडं. आधी लांब. मग आखूड. मग हनुवटी बॅगेवर. त्या घोरायला लागल्या. मेधा पाटावरच भिंतीला टेकून झोपली, सव्वा महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडं टाकून. रिक्षावाला आला, "बेळगाव गाडी कुणाची हो," म्हणत आत डोकावला, पाळणा बघितला, जरासा उंबऱ्यावर टेकला, आणि मोत्याशेजारी झोपला. मोत्या आधीच झोपलेला. माझ्याही पापण्या जड झाल्या, म्हणून मी पाळण्याकडं पाठ करून घुगऱ्या खात बसले. कुणीतरी जागं राहायला पाहिजे होतं, नाहीतर आज तुम्हाला सांगितलं कुणी असतं?

साडेचारची गाडी गेली. साडेपाचचीही गेली.

दिवेलागणीला रत्नमालाबाई जाग्या झाल्या. पाळणा हलत होता. त्यांनी ह्यांचा हात बघितला, रिकामा. दोरीवरनं बोट फिरवत फिरवत मोटरपर्यंत गेल्या. पाळणा आखूड झाला, थांबला, दचकला.

"हात लागला नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "पण हात व्याह्यांचाच आहे गे हा."

चारू तेव्हा आत चहा ठेवत होती. ह्यांना जाग आली. ह्यांनी मोटर बघितली, पाळणा बघितला, आपला हात बघितला, आणि म्हणाले, "पोरीनं माझी डुलकीसुद्धा सोडली नाही. लई बारकाईनं करते ती काम."

रत्नमालाबाईंनी बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात लावल्या. पैज म्हणजे पैज, शर्वरी सांगलीत राहिली. रत्नमालाबाईही दिवाळीपर्यंत राहिल्या. बेळगावात अशी झोप लागत नाही म्हणाल्या. दुपारी जेवण झालं की बाक ओढून पाळण्यासमोर बसायच्या.

शर्वरी आता बारावीला आहे. चारू बेंगळुरूला असते, तिचं स्वतःचं ऑफिस आहे, दहा-बारा माणसं हाताखाली. हे जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या साली चारूला मुलगा झाला तेव्हा आम्ही माळ्यावरनं तो पाळणा काढला, मोटर पुसली, वायर लावली. पाळणा हलला. लांब, लांब, आखूड, आणखी आखूड, थांबला. सगळे बघत राहिले. मग तो दचकला, आणि मी म्हणाले, "स्टँड आला होता." चारू उठून आत गेली.

तर हे असं आहे. वरवंटा उडाला, खरं. पिंपात पडला, खरं. कुत्री खरी, रिक्षावाला खरा, त्याला रात्री जेवूनच पाठवला.

एवढं एक सोडून. ते डुलकीचं आणि बारकाईच्या कामाचं, ते हे बोलले नाहीत. ह्यांना जाग आली, "चहा झाला काय" म्हणाले, आणि परत झोपले. चारू आत आधण बघत उभी होती, पाठमोरी, मघाचं रडून नाक लाल. मी साखरेचा डबा देताना तिला म्हणाले, बाबा असं असं म्हणाले. तिनं साखर दोनदा घातली. ते वाक्य तिनं इतकी वर्षं जपलंय. परवा नव्या माणसांना काम समजावताना, माझे वडील म्हणायचे, असं म्हणून तेच सांगत होती, मी फोनवर ऐकलं.

आता ती हे वाचेल म्हणून मला काळजी नाही. वाचलं तरी म्हणेल, आई ना, काहीही लिहिते.